बुकम सिंगच्या दगडावरचं नाव

लष्करी इतमामात होणारा अंत्यविधी तुम्ही टीव्हीवर तरी नक्की पाहिला असेल. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी, हवेत झाडलेल्या बंदुकांच्या फैरी, बिगुलाचे लांबलेले सूर. शेवटी तो तिरंगा नीट घडी घालून जवानाच्या पत्नीच्या किंवा आईच्या हातात दिला जातो. त्या क्षणी घराघरांत टीव्हीसमोर बसलेल्यांचेही डोळे भरून येतात.

आता असा जवान डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या अंत्यविधीला घरचं कुणी येऊच शकत नव्हतं. आई हजारो मैल दूर, पंजाबात. बायकोही तिथेच, कारण ज्या देशासाठी तो लढला, त्या देशाचे नियमच तिला तिथे येऊ देत नव्हते. त्याचं नाव बुकम सिंग. त्याची कबर आजही कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या किचनर शहरात आहे.

बुकमचा जन्म 5 डिसेंबर 1893 चा, पंजाबात होशियारपूरजवळच्या माहिलपूरचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे दहाव्या वर्षी त्याचं लग्न लागलं. नवरी जालंधरकडची, नाव प्रीतम कौर. लग्न झालं तरी संसार मोठेपणी सुरू व्हायचा, ही पद्धत आपल्याकडेही होती, आपल्या पणजीच्या पिढीला ती चांगली ठाऊक होती. पण 1907 मध्ये, चौदाव्या वर्षी, बुकम कमाईसाठी बोटीत बसला आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात उतरला. चौदावं वर्ष म्हणजे आपल्याकडचं आठवी-नववीतलं पोरगं!

त्याच वर्षी त्या प्रांताने तिथल्या भारतीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. पुढच्या वर्षी, 1908 मध्ये, कॅनडा सरकारने एक चलाख नियम आणला. कॅनडात यायचं असेल तर आपल्या मायदेशातून, वाटेत कुठेही बोट न बदलता, थेट प्रवास करून या. नियमात भारतीयांचं नावही नव्हतं. पण भारतातून कॅनडाला अशी थेट बोटच मिळत नव्हती! वर प्रत्येक भारतीयाजवळ 200 डॉलर रोख असण्याची अट. मजुराला एवढी रक्कम जमवायला वर्षं लागायची. दार बंद आहे असं न म्हणता दार कसं बंद करावं, याचा हा नमुनाच म्हणायचा.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो कुटुंबांना. जे पुरुष आधीच कॅनडात पोहोचले होते, त्यांना बायको-मुलांना बोलावून घेणं जवळजवळ अशक्य झालं. प्रीतम कौर पंजाबातच राहिली.

1914 चा उन्हाळा तर आणखी कडू होता. कोमागाता मारू या जहाजातून 376 प्रवासी व्हँकुव्हरला आले, त्यातले बहुतेक शीख. दोन महिने ते जहाज बंदरात उभं होतं. फक्त 24 जणांना उतरू दिलं आणि 23 जुलैला जहाज परत पिटाळलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पहिलं महायुद्ध पेटलं आणि कॅनडाला सैनिक हवे झाले.

बुकम तोपर्यंत पूर्वेकडे, टोरांटोच्या भागात येऊन शेतावर काम करत होता. 1915 मध्ये तो कॅनडाच्या सैन्यात भरती झाला. या युद्धात कॅनडाच्या सैन्यात सहा लाखांहून जास्त माणसं होती, आणि त्यात शीख जेमतेम दहाच्या आसपास. म्हणजे आपल्यासारखा दुसरा फेटेवाला त्याला छावणीत सहज भेटला असेल, असं वाटत नाही.

लाखो भारतीय त्या युद्धात लढले, पण ते ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातून. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावातल्या घरांमध्ये त्या लढाईच्या आठवणी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. त्या जवानांच्या आजूबाजूला निदान आपल्या भाषेचे, आपल्या मुलखाचे लोक होते. बुकम मात्र पोटासाठी परदेशी गेलेला मजूर होता आणि त्याने त्या परक्या देशाचाच गणवेश अंगावर चढवला.

1916 मध्ये तो 20व्या कॅनेडियन बटालियनमधून बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या आघाडीवर पोहोचला. त्याच वर्षी तो दोनदा जखमी झाला, आधी डोक्याला आणि नंतर पायाला. दोन्ही वेळा वाचला. पण पुढे इंग्लंडमध्ये त्याला क्षयाने गाठलं. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, पोटभर खाणं, विश्रांती, एवढाच इलाज. त्याला कॅनडात परत पाठवलं आणि किचनरच्या रुग्णालयात ठेवलं.

या गावाचीही एक गंमत आहे. 1916 पर्यंत त्याचं नाव चक्क बर्लिन होतं! तिथे जर्मन वंशाचे लोक पुष्कळ होते. युद्धात हे नाव खुपायला लागलं आणि ब्रिटिश सेनानी किचनरचं नाव गावाला दिलं गेलं.

तिथेच 27 ऑगस्ट 1919 ला बुकम गेला. वय अवघं 25. आणि आता हे वाचा: त्याच 1919 मध्ये कॅनडाने, कागदावर का होईना, तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांना बायको आणि लहान मुलं आणायची परवानगी दिली. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त लागली ती ही तारीख.

शीख धर्मात दहनाची रीत आहे. युद्धात इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख जवान वारले, त्यांच्यासाठी तिथल्या टेकड्यांवर चिता रचल्या गेल्या होत्या. आज तिथे ‘छत्री’ नावाचं स्मारक आहे. बुकमला मात्र किचनरच्या माउंट होप दफनभूमीत पुरण्यात आलं. त्याच्या कबरीवर सैनिकाचा दगड उभा राहिला, त्यावर हुद्दा, नाव, बटालियन आणि मृत्यूची तारीख.

लष्करी अंत्यसंस्कारातला मान आपल्याला फैरींमध्ये आणि बिगुलात दिसतो. मला वाटतं, त्यातला खरा आधार नोंदीत असतो. सैन्य आपल्या माणसाचं नाव लिहून ठेवतं, दगडावर, कागदावर, पदकावरसुद्धा. बुकमच्या बाबतीत घरचं माणूस जवळ नसताना नेमकं हेच उपयोगी पडलं, तेही तब्बल 90 वर्षांनी.

झालं असं, की 2008 च्या सुमारास कॅनडातले शीख इतिहास संशोधक संदीप सिंग ब्रार यांना इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानातलं पहिल्या महायुद्धाचं ‘व्हिक्टरी मेडल’ मिळालं. अशी पदकं लाखोंनी वाटली गेली होती. पण ब्रिटिश पदकांच्या कडेवर त्या-त्या सैनिकाचं नाव आणि तुकडी कोरलेली असे. या पदकाच्या कडेवर ‘सिंग’ होतं आणि तुकडी कॅनडाची! पदकावरून सैन्यातली कागदपत्रं सापडली, कागदांवरून रुग्णालय आणि मृत्यूची तारीख, आणि तिथून माउंट होपमधली ती कबर. दोन महायुद्धांपैकी कोणत्याही युद्धात लढलेल्या शीख कॅनेडियन सैनिकाची कॅनडातली ही एकमेव ज्ञात कबर आहे.

तेव्हापासून दर नोव्हेंबरमध्ये, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, लोक या कबरीपाशी जमतात. गणवेशातले सैनिक आणि पोलीस येतात, रंगीत फेट्यांतले आजोबा आणि ओढण्या सावरत आज्या येतात, शाळकरी नातवंडं असतात. कोटांवर लाल पॉपीची फुलं लावलेली असतात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजतं, पुष्पचक्रं वाहिली जातात आणि अरदासही होते. कॅनडाच्या सैन्यात आज फेटा बांधून नोकरी करणारी मुलं-मुली आहेत, त्यांच्यासाठी तर हा घरातला मोठा भाऊच.

तुमचं कुणी शिकायला किंवा नोकरीला टोरांटोकडे असेल, तर किचनर तिथून साधारण 100 किलोमीटरवर आहे. सुट्टीच्या दिवशी सहज जाऊन येता येईल. दफनभूमी जुनी आणि मोठी आहे, शोधायला थोडा वेळ लागेल. आजूबाजूच्या इंग्रजी आणि जर्मन आडनावांमध्ये ‘सिंग’ हे नाव मात्र लगेच नजरेत भरतं.