उतरता उतरता विमान पुन्हा वर का जातं?

धावपट्टी अगदी जवळ आलेली असते, चाकं टेकायला काही क्षण उरलेले असतात आणि अचानक इंजिनांचा आवाज वाढतो, नाक वर उचललं जातं, विमान पुन्हा ढगांकडे निघतं. केबिनमध्ये कुणी देवाचं नाव घेतं, कुणी वैमानिकाला बोल लावतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘प्रवासी थोडक्यात बचावले’. धावपट्टीवरच्या धोक्याबद्दल आपल्याकडे भीती भरपूर आणि माहिती तुटपुंजी आहे. त्यातही भीती बहुतेकदा चुकीच्या जागी असते. म्हणून काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : उतरणं रद्द करावं लागलं, म्हणजे वैमानिक चुकला.

वस्तुस्थिती : याला वैमानिक ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि प्रत्येक उतरण्याआधी त्याची तयारी झालेली असते. किती उंचीवर जायचं, कोणत्या दिशेला वळायचं, हे आधीच ठरलेलं असतं. फिरून पुन्हा येण्यासाठी आणि गरज पडल्यास दुसऱ्या विमानतळावर जाण्यासाठी लागणारं इंधनही सोबत असतं. पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नसेल, वाऱ्याने अचानक दिशा बदलली असेल, वेग किंवा उंची ठरल्याप्रमाणे नसेल, तर वर जाणं हाच योग्य निर्णय असतो. त्यानंतर काही मिनिटं कॉकपिटमधून घोषणा होत नाही, कारण त्या वेळी विमान सांभाळणं आणि टॉवरशी बोलणं ही पहिली कामं असतात.

खरा धोका गो-अराउंड न करण्यात आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड करायला सांगितलं होतं, असं चौकशीत स्पष्ट झालं. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला याच कंपनीचं विमान जवळपास निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलं आणि २१ जणांचा बळी गेला. तिथेही सहवैमानिकाने गो-अराउंडची सूचना दिली होती. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासानुसार, विमान नीट स्थिरावलेलं नसताना गो-अराउंड केलं जाण्याचं प्रमाण जेमतेम ३ टक्के आहे. उरलेले वैमानिक तसेच उतरतात. काळजी करायची, तर या आकड्याची करायला हवी.

गैरसमज : मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, मग खोळंबा कशाला?

वस्तुस्थिती : मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही आणि बहुतेक वेळ एकाच धावपट्टीवर सगळा भार असतो. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी या विमानतळाने एका दिवसात १,०३२ उड्डाणं-अवतरणं हाताळली. इतक्या गर्दीत एक विमान निघतं, तेव्हा दुसरं काही मैलांवर उतरायच्या तयारीत असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतली मर्यादा ताशी ४६ वरून ४४ वर आणली गेली. कागदावर हा फरक दोनचाच, पण एखादं विमान वळायला जरा जास्त वेळ घेतं, तेव्हा तेवढीच सवड उपयोगी पडते.

तरीही ८ जून २०२४ रोजी इथे एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचं विमान उतरलं. इजा कुणालाही झाली नाही. पण ‘काही झालं नाही ना’ म्हणून अशी घटना सोडून देता येत नाही. तिची चौकशी मोठ्या अपघाताइतक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

गैरसमज : हे सगळं धुक्यामुळे होतं.

वस्तुस्थिती : धुकं धोका वाढवतं, हे खरं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले. २००१ मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर ११८ जणांचा बळी गेला, तेव्हाही धुकं होतं. पण २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदावर धुकं नव्हतं. तटरक्षक दलाच्या विमानाला धावपट्टीच्या अलीकडे थांबायचं होतं, पण उड्डाणासाठी आपला पहिला क्रमांक आहे, हे ऐकून ते थेट धावपट्टीवर गेलं. जपान एअरलाइन्सचं विमान त्याच्यावर आदळलं. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले, तर प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण जळत्या विमानातून सुखरूप बाहेर पडले.

टेनेरिफलाही संभाषणातली गफलत जीवघेणी ठरली होती. त्यानंतरच ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला.

गैरसमज : आता यंत्रंच धडक टाळतात.

वस्तुस्थिती : दोन विमानांना हवेत एकमेकांपासून दूर ठेवणारी टीकॅस यंत्रणा जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या आत ‘वर जा, खाली जा’ असे आदेश देणं थांबवते. धावपट्टीसाठी वेगळी साधनं लागतात. जमिनीवरचं रडार आणि धावपट्टीच्या तोंडाशी असलेली लाल दिव्यांची रांग ही त्यांतली महत्त्वाची. लिनातेला तेव्हा जमिनीवरचं रडार चालू नव्हतं. हानेदाला लाल दिवे दुरुस्तीसाठी बंद होते. धावपट्टी मोकळी नसल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटला होता, पण तो नजरेतून सुटला. यंत्र बसवलं म्हणजे काम संपत नाही. ते चालू असावं लागतं आणि त्याचा इशारा माणसापर्यंत पोहोचावा लागतो.

गैरसमज : धोका फक्त दुसऱ्या विमानाचा असतो.

वस्तुस्थिती : परवानगीशिवाय धावपट्टीवर आलेलं वाहन किंवा माणूसही तितकाच घातक. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याच्या लोहगावला एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी वेगात असताना समोर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने नेहमीपेक्षा आधीच विमान उचललं. शेपटीकडचा भाग खरवडला, पण विमान दिल्लीला सुरक्षित पोहोचलं.

गैरसमज : टॉवरने सांगितलं की वैमानिकाने ऐकायचंच.

वस्तुस्थिती : उतरायची परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला दाट धुक्यात फेडएक्सच्या मालवाहू विमानाला उतरण्याची आणि साउथवेस्टच्या विमानाला त्याच धावपट्टीवरून उडण्याची परवानगी मिळाली. फेडएक्सच्या वैमानिकांनी वेळीच ओळखलं आणि ते वर गेले. दोन्ही विमानांत दोनशे फुटांहूनही कमी अंतर उरलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिकागोच्या मिडवेवर एक खासगी जेट विमान थांबायला सांगूनही धावपट्टी ओलांडू लागलं, तेव्हा उतरणारं साउथवेस्टचं विमान असंच पुन्हा वर गेलं.

गैरसमज : चुकलेल्याला निलंबित केलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला नियंत्रकाने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर थांबवलं आणि त्याच धावपट्टीवर दुसऱ्याला उतरू दिलं. ३५ जण गेले. तपासयंत्रणेने मात्र बोट ठेवलं ते व्यवस्थेवर. एका माणसाची चूक दुसऱ्याच्या लक्षात यावी, अशी सोयच तिथे केलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसारही अपघात तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोषी ठरवणं नव्हे. शिक्षेची धास्ती असेल, तर नियंत्रक आणि वैमानिक आपल्या चुका लपवतील आणि आपल्याला त्या अपघातानंतरच कळतील.

प्रवासी म्हणून आपल्यालाही यात वाटा उचलता येतो. विमान पुन्हा वर गेलं तर पट्टा घट्ट ठेवावा, सूचनेची वाट पाहावी आणि उशिराबद्दल कर्मचाऱ्यांवर आगपाखड करू नये. वेळ पाळण्याचं दडपण कॉकपिटमध्ये जितकं कमी, तितकी गो-अराउंडची सूचना लवकर ऐकली जाईल. मंगळूरला ती तीनदा दिली गेली होती.