शेजारी की नुसते जवळपास?

बिझनेस क्लासची दोन तिकिटं काढली म्हणजे जोडीनं बसायला मिळेलच असं नाही. हल्ली लांब पल्ल्याच्या बहुतेक मोठ्या विमानांत एका रांगेत चारच आसनं असतात: खिडकीला एकेक, मध्ये दोन. या १-२-१ मांडणीत प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. पण शेजार हवा तर मधली आसनं घ्यायची आणि खिडकीवर पाणी सोडायचं. जुन्या २-२-२ मांडणीत खिडकीही मिळे, शेजारही. फक्त रात्री उठताना झोपलेल्याच्या पायांवरून ढांग टाकावी लागे. पाय घरच्याच माणसाचे, एवढाच दिलासा.

मधल्या जोड्याही सारख्या नसतात. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये एका रांगेत दोन्ही आसनं खेटून, तर पुढच्या रांगेत मधोमध टेबलं. खेटलेल्या जोडीला ‘हनिमून सीट’ म्हणतात. मग लग्नाला चाळीस वर्षं झालेली असोत. काही विमानांतल्या तिरक्या मांडणीत मधल्या दोघांचे पाय आत वळतात, डोकी वाटेकडे राहतात. बोलायचं तर दोघांनीही पुढे वाकायचं. तेव्हा आसन निवडताना नकाशा नीट न्याहाळा.

सपाट होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजनं या वर्गात २००० साली आणला. कतार एअरवेजच्या क्यूस्वीटमध्ये (२०१७) मधल्या काही जोड्यांचा चक्क डबल बेड होतो. पट्टे मात्र दोन. पट्टा पांघरुणावरून बांधा, म्हणजे विमान हेलकावे खाऊ लागलं तरी तो तपासायला कुणी झोपमोड करत नाही.