झाशीच्या तटावरील विलायती

१६ नोव्हेंबर १९४१ रोजी कॅनडाच्या १९७५ जणांची तुकडी हाँगकाँगच्या धक्क्यावर उतरली. ब्रिटनच्या ह्या वसाहतीशी त्यांचा पूर्वी काडीचाही संबंध नव्हता. ८ डिसेंबरला जपानने हल्ला चढविला आणि २५ डिसेंबरला बेट शरण गेले. तेवढ्या अवधीत त्यांतील सुमारे २९० जण रणांगणावर पडले. आपल्याकडील राजपूत आणि पंजाब पलटणींचे शिपाईही त्यांच्या जोडीला लढले. ज्या गावाशी आपले नाते नाही त्या गावासाठी मनुष्य प्राण का वेचतो? हाच प्रश्न त्यापूर्वी ८३ वर्षे झाशीच्या तटावर उभा राहिला होता.

झाशी हे मराठ्यांचे घरापासून फार दूरचे ठाणे. छत्रसालाने बाजीरावास दिलेल्या मुलुखामुळे पेशव्यांचा बुंदेलखंडात प्रवेश झाला. पुढे नारो शंकर यांनी येथे किल्ला वाढवून शहर वसविले. नेवाळकरांचे हे संस्थान इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले आणि १८५७ च्या उठावात राणी लक्ष्मीबाईंनी कारभार पुन्हा हाती घेतला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझ झाशीपुढे आला, तेव्हा शहरात सुमारे दहा हजार बुंदेले व विलायती आणि दीड हजार शिपाई असावेत, असा त्याचा अंदाज होता. दक्षिणी मंडळी, म्हणजे येथील मराठी माणसे, त्या मानाने मूठभरच.

ह्या 'विलायती' शब्दाने आजच्या वाचकाचा गैरसमज व्हायचा. त्या काळी विलायती म्हणजे अफगाण मुलुखाकडील पठाण. पोटासाठी ते संस्थानिकांची चाकरी धरीत. २५ मार्चला इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या, १ एप्रिलला मदतीस आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवेकाठी पराभव झाला आणि ३ एप्रिलला शत्रू शिड्या लावून तटावर चढला. शहर पडल्यावरही राजवाड्याच्या पागेत राणीच्या चाळीसएक अंगरक्षकांनी खोलीखोलीतून झुंज दिली.

हल्ला करणाऱ्या सैन्यात मुंबई इलाख्याच्या २४ व्या व २५ व्या पलटणी होत्या. ज्या मुंबई फौजेत कोकणातील व देशावरील माणसे भरती होत, तीच फौज मराठी राज्याच्या तटावर चालून आली, आणि आत पठाण तो तट राखीत होते! तेव्हा निष्ठा जन्मभूमीवरून ठरत नव्हती. ती खाल्ल्या मिठावरून ठरत होती. मात्र पगार मिळण्याची आशा संपल्यावरही जो पागेतून हटत नाही, त्याला केवळ भाडोत्री म्हणणे अन्यायाचे होईल.

हाँगकाँगच्या साई वान दफनभूमीत कॅनडाच्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत; ज्यांचे थडगे सापडले नाही त्यांचीही. शिपायाचे नाव उरते ते शौर्याने नव्हे, हजेरीपटाने. झाशीच्या किल्ल्यात गोलंदाज गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष यांच्या कबरी दाखवितात, 'कडक बिजली' तोफही आहे. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' ह्या १९०७ साली छापलेल्या वृत्तान्तामुळे त्या दिवसांचे शहर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण विलायतींच्या नावांचा शिलालेख नाही. झाशीचे स्मरण करताना, ज्यांना मराठीचा एक शब्दही येत नसेल अशा ह्या रक्षकांचे ऋण आपण मोजले पाहिजे.