पाटी नाही म्हणून गाडी लावली

‘इथं नो पार्किंगची पाटी कुठे आहे?’ मुंबईत वाहतूक पोलिसांना सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न बहुधा हाच असेल. रविवारी संध्याकाळी जुहू तारा रोडवर किंवा गिरगाव चौपाटीच्या आसपास तो हमखास कानावर पडतो. विचारणारा अगदी प्रामाणिकपणे विचारत असतो. जिथं मनाईची पाटी नाही तिथं गाडी लावायला मुभा आहे, असं त्याला खरोखर वाटतं. कायद्याचं म्हणणं मात्र वेगळं आहे.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये वाहन चालवण्याबाबतचे नवे विनियम लागू केले. गाडी कुठे लावायची नाही याची लांबलचक यादी त्यांत आहे आणि त्यातल्या बहुतेक जागांना पाटी लागतच नाही. फूटपाथ, सायकलची वाट, झेब्रा क्रॉसिंग, बसस्टॉपजवळची जागा, शाळेचं किंवा इस्पितळाचं फाटक, आगीच्या बंबासाठी पाणी घेण्याचा नळ, कुणाच्याही आवारात जाण्या-येण्याचा रस्ता, आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी रांग, कडेला सलग पिवळी रेघ मारलेला रस्ता. या ठिकाणी पाटी असो वा नसो, गाडी लावणं नियमबाह्यच.

यादीतली एक गोष्ट तर फारच थोड्यांना माहीत असते. चौकाच्या कडेपासून दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत गाडी लावता येत नाही. ५० मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या साधारण बारा छोट्या गाड्या. दादरच्या आतल्या गल्ल्यांत दोन नाक्यांमधलं अंतर पुष्कळदा शंभर मीटरही भरत नाही, म्हणजे नियम काटेकोर पाळायचा तर तिथं जागाच उरत नाही. मग लोक वैतागून विचारतात, गाडी लावायची तरी कुठे? वैताग रास्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे पार्किंगच्या जागा ठरवायचं काम सरकारी यंत्रणेचं असतं, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. मुंबईत ते काम गाड्यांच्या संख्येच्या फार मागे पडलं आहे, हे मान्यच करायला हवं. पण ५० मीटरची अट कुणी उगाच घातलेली नाही. नाक्याला लागून मोठी एसयूव्ही उभी असली की वळणाऱ्या चालकाला तिच्या पलीकडून रस्ता ओलांडणारं सहा वर्षांचं पोर दिसत नाही. त्या पोरालाही गाडी दिसत नाही. चौपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तर हातात फुगा किंवा बर्फाचा गोळा घेऊन पळणारी पोरं असतातच. अग्निशमन दलाच्या बंबालाही वळायला मोठा घेर लागतो. कोपऱ्यावर एक गाडी असली तरी तो अडकतो.

पाट्यांमध्येही गफलत होते. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर गाडी लावायला मनाई. माणूस उतरवून लगेच पुढे जाता येतं. दोन रेघांची लाल फुली असेल तर तिथं थांबायलाच मनाई आहे. फुली दिसत असतानाही ‘दोन मिनिटं फक्त, मंडळी उतरतायत’ म्हणणारे असतात. तिथं दोन मिनिटांचीही सवलत नाही.

‘मी गाडीतच बसलोय, म्हणजे ते पार्किंग नाही.’ हा समज चारही इंडिकेटर लावून जोपासला जातो. कलम १२२ मध्ये चालक आत आहे की बाहेर, याला महत्त्वच नाही. उभ्या गाडीमुळे इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होते का, एवढंच ते कलम पाहतं. लुकलुकणारे दिवे बंद पडलेल्या गाडीची सूचना मागून येणाऱ्यांना देण्यासाठी असतात, परवाना म्हणून नव्हे. इंजिन चालू ठेवून, आत लहान मुलाला बसवून ‘पटकन भेळ घेऊन येतो’ म्हणणं तर सरळसरळ कलम १२६ चा भंग आहे. चालकाच्या जागेवर लायसन्स असलेली व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलाच पाहिजे.

पी-१ आणि पी-२ या पाट्या पुणेकरांना पाठ असतात, मुंबईत पाहुण्यांची फसगत होते. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. रात्री लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला सापडते, कारण मध्यरात्री तारीख बदलते. उलट ३१ तारखेनंतर १ तारीख येते, तेव्हा दोन्ही दिवस विषमच. बाजू बदलायची नसते आणि सवयीने बदलणारा नेमका त्या दिवशी अडकतो.

आता टोइंगकडे वळू. इथं दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. एक म्हणजे ‘दहा तासांच्या आत गाडी उचलता येत नाही’. कलम १२७ मधला दहा तासांचा उल्लेख सार्वजनिक जागी बेवारस सोडलेल्या गाडीबद्दल आहे. मनाई असलेल्या जागेवरची गाडी उचलायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला दहा मिनिटंही थांबायची गरज नाही. उचलण्याचा खर्च मालकाचा आणि दंड वेगळा. पण त्याच कलमाने नागरिकालाही संरक्षण दिलं आहे. गाडी हलवण्याचा अधिकार गणवेशातल्या, त्या हद्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याचा आहे. टोइंग व्हॅनवरची कंत्राटी मुलं आपल्या मर्जीने गाडी उचलू शकत नाहीत. पोलीस कुठे आहेत, हे विचारणं तुमचा हक्क आहे आणि तो शांतपणे बजावावा. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला तान्ह्या बाळाला घेऊन बाई आत बसलेली असताना गाडी ओढून नेली गेली. त्याचा व्हिडिओ पसरला आणि संबंधित पोलीस शिपाई निलंबित झाला. आत माणूस असताना गाडी ओढणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

दंडाची वाढीव रक्कम महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाली. नो पार्किंगसाठी पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये. दंड भरला की दिवसभर गाडी तिथंच ठेवायला मोकळीक मिळाली, असं समजणारे पाहिले की वाईट वाटतं. दंड हे जागेचं भाडं नाही; पावती खिशात असली तरी गाडी हटवावीच लागते.

सगळ्यात चिवट गैरसमज सोसायट्यांचा. ‘आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता आमचा.’ मग फाटकाच्या दोन्ही बाजूंना कुंड्या, सिमेंट भरलेले डबे, साखळ्या येतात आणि ‘हवा सोडली जाईल’ अशी पाटी लागते. फाटक अडवणाऱ्याविरुद्ध तक्रार करायचा सोसायटीला पुरेपूर अधिकार आहे. पण फाटकाच्या बाजूचा सार्वजनिक रस्ता १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे महापालिकेच्या ताब्यात असतो आणि त्यावर ठेवलेल्या अडथळ्याच्या वस्तू नोटीस न देता उचलण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. दुसऱ्याच्या टायरची हवा सोडण्याचा अधिकार तर कुणालाच नाही. कर आपण भरतो हे खरं, पण समोरून चालत जाणारी, गाडी नसलेली मावशीही त्याच रस्त्याची मालकीण आहे आणि कुंड्यांमुळे तिलाच फूटपाथ सोडून रहदारीत उतरावं लागतं.

गणेश विसर्जनाच्या दिवसांत गिरगाव, दादर, जुहूच्या रस्त्यांसाठी वाहतूक पोलीस दरवर्षी स्वतंत्र अधिसूचना काढतात. एरवी जिथं गाडी चालते तिथंही त्या दिवशी चालत नाही आणि ‘मी इथलाच रहिवासी’ ही सबब पुरत नाही. अधिसूचना वर्तमानपत्रांत छापून येते. ती आदल्या दिवशी वाचावी.

रस्त्यावर जागा नाही म्हणून गाडी थेट वाळूवर नेणं हा काशिद, अलिबागकडचा प्रकार. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. कोकणातही पोलीस गुन्हे नोंदवतात. ओली वाळू चालत्या गाडीला पेलते, पण गाडी उभी राहिली की टायरखाली पाणी झिरपतं, वाळू सैल होते आणि चाक रुतत जातं. ‘मागच्या शनिवारी याच वेळी इथंच लावली होती, पाणी कुठच्या कुठं होतं,’ असं सांगणारे नेमके फसतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे मागच्या शनिवारी ज्या वेळी ओहोटी होती, या शनिवारी त्याच वेळी भरती असते.