नोकरीच्या वाटा (भाग 7) : चार वर्षं कोड लिहिल्यावर एमबीए?

बुऱ्हाणपूरची मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला, इंदूरला जातात आणि तीन-चार वर्षांनी दिवाळीला घरी आली की विषय निघतोच : "एमबीए करून टाकू का?" आईवडिलांना ती बढतीची शिडी वाटते, आणि मुलाला बहुतेकदा रोजच्या कामाचा वीट आलेला असतो. ही दोन्ही कारणं मला अपुरी वाटतात. वीट आला असेल तर आधी टीम बदलावी, कंपनी बदलावी. त्याला दोन वर्षं आणि वीस लाख लागत नाहीत.

एमबीएनं नेमकं काय बदलतं, हे आपल्या गावातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाहता येतं. मजुरीवर विणणाऱ्या मागवाल्याला व्यापारी सूत देतो, तयार कापड घेऊन जातो आणि मीटरवर मजुरी चुकती करतो. माग कुठे अडला ते मागवाल्याला नुसत्या आवाजावरून कळतं. पण कोणतं कापड विणायचं, सूत कधी उचलायचं, उधारी किती दिवसांची द्यायची, हे ठरतं व्यापाऱ्याच्या पेढीवर. एमबीए तुम्हाला शेडमधून पेढीवर नेतं. मागावरचा हात त्यानं सुधारत नाही.

म्हणून स्वतःलाच विचारून पाहा. तुम्ही पैसे भरण्याचा स्क्रीन बनवलात. तो उघडायला तीन सेकंद का लागतात, या प्रश्नानं तुमची झोप उडते, की गिऱ्हाईक तिथपर्यंत येऊन पैसे न भरता का परततं, या प्रश्नानं? पहिला प्रश्न छळत असेल तर तुमची वाट तंत्रज्ञानातच पुढे जाते, आणि ती मोठी वाट आहे. पुण्यात 1990 साली पर्सिस्टंट सिस्टिम्स उभी करणारे आनंद देशपांडे आयआयटी खरगपूरचे इंजिनिअर आणि इंडियाना विद्यापीठाचे संगणकशास्त्रातले पीएच.डी. दुसरा प्रश्न छळत असेल तर एमबीएचा विचार जरूर करा. पण तेव्हाही नोकरी सोडावीच लागते असं नाही. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी तिथेच काम करता करता, शनिवार-रविवार शिकागोला जाऊन 1997 मध्ये एमबीए पूर्ण केलं.

आता पैशांचं बोलू, कारण घरात खरा पेच तिथेच पडतो. आपल्याला सगळ्यांत जवळचं मोठं नाव आयआयएम इंदूर. तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी साधारण 21 लाख. वर्षाला 10 लाख मिळवणाऱ्याचा दोन वर्षांचा पगारही बुडतो. म्हणजे खरी किंमत 40 लाखांच्या आसपास. समजा 20 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता जवळजवळ 26 हजार येतो. शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळं. जुनी कर-पद्धत निवडली तर व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही. हा हिशेब वडिलांसमोर बसून कागदावर मांडावा. बहिणीचं लग्न, घराची डागडुजी हे आकडेही त्याच कागदावर यावेत. आणि कर्ज फेडायचंय म्हणून मिळेल ती नोकरी धरावी लागली, तर पेढीवर जाऊनही मनासारखं काम हाती येत नाही, हेही घरात आधीच बोलून घ्यावं.

मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेची फी याहून बरीच कमी आहे. पण तिथल्या प्रवेशासाठीच्या महाराष्ट्राच्या सीईटीत बहुतेक जागा त्या राज्यातल्या उमेदवारांसाठी असतात. घरात मराठी बोलणाऱ्या, पण मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या मुलाला अखिल भारतीय कोट्यातल्या मोजक्या जागांवरच भिस्त ठेवावी लागते. मला ही गोष्ट लागते, पण नियम तसा आहे आणि अर्ज भरण्याआधी तो माहीत हवा.

वयाचं थोडक्यात. दोन ते चार वर्षांच्या अनुभवावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम शोभतो. सात-आठ वर्षं झाली असतील तर अहमदाबाद किंवा बंगळुरूच्या आयआयएममधला एक वर्षाचा अभ्यासक्रम पाहा. पगार एकाच वर्षाचा बुडतो.

आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या कॅटची नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते, परीक्षा नोव्हेंबरअखेर. तोवर ऑफिसात एक करून पाहा : प्रॉडक्ट मॅनेजरला सांगून ग्राहकांच्या बैठकांना बसा, किंमत कशी ठरते ते ऐका, एखाद्या नव्या सुविधेचा खर्च आणि तिच्यातून येणारं उत्पन्न स्वतः मांडून दाखवा. तीन महिन्यांनी त्या बैठकांची ओढ वाटत असेल तर फॉर्म भरा.