बैठक स्थिर, तर हात मोकळे

मूल शाळेत येते ते आधी बसावयास आणि मग शिकावयास. मांडी घालून ताठ बसणे निरोगी मुलास इतके सहज साधते की, त्यामागे कंबर, पाठ व मान यांचे केवढे श्रम असतात, हे आपल्या ध्यानीही येत नाही. परंतु मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे डॉक्टर ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्या विकाराने, ज्याचे स्नायू ताठरले वा ढिले पडले, त्या बालकाची सारी शक्ती तोल सांभाळण्यातच खर्ची पडते. पाटी धरावयास हात मोकळे राहत नाहीत, फळ्याकडे मान स्थिर राहत नाही. बुद्धी शाबूत असूनही असे मूल 'मंद' ठरते आणि घराच्या कोपऱ्यात राहते. वर्षानुवर्षे वेडेवाकडे बसल्याने पाठीचा कणा वाकतो, खुब्याचा सांधा सरकतो, ही हानी निराळीच.

डॉ. मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली, त्यामागे त्यांची कन्या मालिनी हिचा हाच विकार होता. उपचार व शिक्षण एकाच छपराखाली, ही त्या संस्थेची दृष्टी. पुढे 2016 च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु हक्क मिळाला तरी बैठक कोणी द्यावयाची? वासोण्यासारख्या गावी हे काम पालक व शिक्षक यांनाच करावे लागते.

सुदैवाने ते फार खर्चाचे नाही. मुलाची कंबर पाठीला टेकेल, गुडघे व घोटे काटकोनात राहतील आणि तळवे जमिनीवर वा पाटावर सपाट टेकतील, अशी खुर्ची हवी. मेज कोपराच्या उंचीचे असावे. तोल एका बाजूस जात असेल, तर तेथे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर मांड्यांमध्ये चादरीची घडी द्यावी. आमच्या भागात बांबूकाम जाणणारे हात पुष्कळ आहेत. दोन बाजूंनी पाठीस आधार देणारी कोपऱ्याची बैठक त्यांच्याकडून सहज करून घेता येईल.

मात्र उत्तम बैठकही दिवसभराची नव्हे. अर्ध्या-पाऊण तासाने स्थिती बदलावी. कातडीवर लाल वळ उमटून टिकत असेल, तर आधार बदलावा. ताठर अवयव बळाने ओढू नयेत. मान मागे टाकून घास भरवू नये, तो श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. मूल वाढते, तशी खुर्चीही वाढली पाहिजे. म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञांस अधूनमधून दाखवावे. मुंबईत हाजी अली येथे 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. वापीहून रेल्वेने तेथे जाता येते.

मराठी कुटुंबांस आमची एवढीच विनंती : असे मूल घरी वा शेजारी असेल, तर ते लपवू नका. आधी त्यास नीट बसवा आणि शाळेत आणा.