दवाखान्यात येण्याआधी जनसुनावणीला जा!

वाचकहो, या सदरात आपण मधुमेह, रक्तदाब, दमा यांविषयी नेहमी बोलतो. आजचा विषय कचेरीतला वाटेल, पण त्याचा शेवट बऱ्याच वेळा माझ्या दवाखान्यातच होतो.

काही वर्षांपूर्वी एकाच गावातून पाठोपाठ पेशंट येऊ लागले. कुणाच्या अंगाला खाज, कुणाला वरचेवर जुलाब. एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, गोळ्या घेतल्या की चार दिस बरं वाटतंय, मग हाय तेच. आमच्या हिरीचं पाणी चहागत दिसाय लागलंय बघा." गावाजवळ मळीपासून अल्कोहोल काढण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. पुढे गावची चार माणसे आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पाण्यामुळंच हे झालं असं लिहून द्या."

मला लिहून देता आले नाही. विहिरीचे पाणी पूर्वी कसे होते, याचा अहवाल कुणाकडेच नव्हता. कोणत्या गावचे किती पेशंट कोणत्या तक्रारीचे, याची नोंद मीही ठेवली नव्हती. प्रकल्पापूर्वी जनसुनावणी झाली होती. तिची नोटीस पेपरात आली होती आणि मी ती वाचलीही होती. पण दवाखान्यात गर्दी होती, म्हणून गेलो नाही. ही चूक माझी. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा लेख.

जनसुनावणी म्हणजे काय?

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी केंद्र सरकारने १९९४ मध्ये अधिसूचना काढली आणि १९९७ मध्ये तीत जनसुनावणी सक्तीची केली. २००६ मध्ये नवी अधिसूचना आली. आपल्या सातारा-सांगलीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे रोज ५,००० टन किंवा त्याहून अधिक ऊस गाळणारे साखर कारखाने तिच्या यादीत आहेत. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीही आहेत. मात्र केवळ पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल काढणाऱ्या काही प्रकल्पांना २०२१ मध्ये सुनावणीतून सवलत देण्यात आली. म्हणून प्रत्येक वेळी चौकशी करावी.

सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी असतात. नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. प्रकल्पाचा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला मिळतो. प्रत्यक्ष जाता आले नाही, तर लेखी म्हणणे देता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. चारच माणसे आली, तरी ती पार पडते आणि कागदोपत्री गावाचे म्हणणे "काही नाही" असे उरते. शेवटचा निर्णय तिथे होत नाही. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. पण तिचे चित्रीकरण होते, मांडलेले मुद्दे शेवटी मराठीत वाचून दाखवावे लागतात आणि प्रकल्पवाल्यांना त्यांचे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे आरडाओरड्यापेक्षा नेमका मुद्दा अधिक उपयोगी पडतो.

काय विचारावे?

आपल्या भागात कारखान्यांनी अनेकांच्या चुली पेटवल्या आहेत. त्यामुळे सरसकट विरोध करा, असे मी म्हणत नाही. विचारायचे ते असे:

१. डिस्टिलरीचे सांडपाणी कुठे जाणार? साठवण तळ्याला अस्तर आहे का? पावसाळ्यात ते भरून वाहिले, तर कोणत्या ओढ्याला मिळेल?

२. बॉयलरची राख कशी अडवणार? वाऱ्याच्या दिशेला शाळा किंवा वस्ती आहे का?

३. अहवालासाठी आमच्या विहिरींचे पाणी तपासले का? कोणत्या महिन्यात?

४. हंगामात रोज किती वाहने गावातून जाणार?

या प्रश्नांची निम्मी उत्तरे घरच्या बायकांना आधीच ठाऊक असतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख कधी पडते, हंड्यातल्या पाण्याला वास कधी येतो, हे त्यांनाच पहिल्यांदा कळते. म्हणून त्यांना बरोबर न्या आणि बोलू द्या.

खडी क्रशरसारख्या लहान उद्योगांना अशी जनसुनावणी नसते. त्यांना मंडळाचे संमतिपत्र लागते. तिथे आपली जागा म्हणजे ग्रामसभा. दगडाच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढवतो. तेव्हा क्रशरचा विषय निघेल त्या ग्रामसभेला घरी बसू नका.

येरळाकाठचे उदाहरण

"आमचं कोण ऐकतंय?" असे म्हणणाऱ्यांना मी खानापूर तालुक्याची आठवण देतो. १९८० च्या दशकात दुष्काळ होता. मुंबईच्या गिरणी संपामुळे बरेच कामगार गावी परतले होते. ठेकेदार येरळा नदीतली वाळू उपसून नेत होते. नदीतली वाळू स्पंजासारखी पाणी धरते. ती गेली की आजूबाजूच्या विहिरी खाली जातात, आणि पाणी आटले की उरलेल्या गढूळ पाण्यातून जुलाब, कावीळ ठरलेलीच. मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी प्रश्न केला: आमच्या नदीच्या वाळूचे काय करायचे, हे आम्हाला का विचारत नाही? थोडी वाळू स्वतः विकून त्यांनी धरणासाठी पैसा उभा केला. तेच बळीराजा स्मृती धरण. त्याच्या पाण्यात भूमिहीनांनाही वाटा असावा, असे त्यांनी ठरवले. अर्ज, मोर्चे, बैठका यांना वर्षे लागली, पण लोकांनी पिच्छा सोडला नाही.

आजपासून करण्याजोगे

पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचा आणि कात्रण ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गावातल्या दोन-तीन विहिरींचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत त्याची सोय असते. अहवाल जपून ठेवा. दवाखान्याचे कागद फेकू नका. मंजुरी मिळाल्यावरही काम संपत नाही. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल प्रकल्पवाल्यांना दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागून पाहा. सातारा आणि सांगली दोन्ही ठिकाणी मंडळाची उपप्रादेशिक कार्यालये आहेत. तक्रार तोंडी न करता लेखी द्या आणि पोच घ्या.

मीही आता माझ्या केसपेपरवर गावाचे नाव आणि पिण्याच्या पाण्याची सोय लिहितो. त्या मावशी अजून येतात. मी त्यांना खाजेचे मलम देतो, पण विहीर बरी करणारे औषध माझ्या कपाटात नाही. त्यासाठी गाव वेळेवर जागे असावे लागते. पुढची नोटीस छापून येईल, तेव्हा ३० दिवस हातात असतील, ते वाया घालवू नका.